विश्लेषण : उघडपणे ख्रिस्ती, पुरेपूर मराठी... रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपली श्रद्धा लोकांपुढे कशी मांडली?

रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसाने दिलेले एक पुस्तक, त्यानंतर दोन वर्षांनी घेतलेला बाप्तिस्मा आणि त्यापायी चार-पाच वर्षे दुभंगलेला संसार. श्रद्धा लपवायची नाही, पण ती कुणावर लादायचीही नाही, हा धडा नारायण वामन टिळक यांना प्रवचनपीठावर मिळाला नाही. तो त्यांना स्वतःच्या घरात गिरवावा लागला.

रेव्हरंड टिळक कोण होते?

मराठी शाळेत शिकलेल्या अनेक पिढ्यांना ना. वा. टिळक माहीत आहेत ते ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेमुळे. जखमी होऊनही पडत-उठत पिल्लांकडे निघालेल्या पक्षिणीची ही कविता. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतके लिहिले, की फुलामुलांचे कवी हीच त्यांची ओळख झाली. पण हेच टिळक मराठी ख्रिस्ती समाजाचे सर्वांत मोठे गीतकार, धर्मोपदेशक आणि ख्रिस्ती कीर्तनकार होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

लोकमान्य टिळक आणि रेव्हरंड टिळक समकालीन. आडनाव एकच आणि दोघेही कोकणातल्या चित्पावन ब्राह्मण घराण्यांतले. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, तर नारायणरावांचा ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई मायाळू. तिचे निधन झाले तेव्हा नारायण लहान होता. त्यानंतर त्याचे घरात मन रमले नाही आणि तो नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे धडे घेतले. पुढे इंग्रजीही शिकला, मात्र शालेय शिक्षण अर्धवट राहिले.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचे लग्न झाले. वधू अकरा-बारा वर्षांची. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. हीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक. लग्नानंतरही टिळकांचे पाऊल एका गावात ठरले नाही. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात, असे ते फिरत राहिले. हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होण्याचा स्वभाव, भडकणारा राग आणि तितक्याच लवकर येणारा पश्चात्ताप, असे सगळे त्यांच्यात होते. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला गेले. तिथे आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या कामात लक्ष घातले आणि ‘ऋषी’ हे मासिकही चालवले.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

१८९३ मध्ये टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आज छत्तीसगडमध्ये असलेले राजनांदगाव तेव्हा संस्थान होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ बसले होते. त्यांनी टिळकांना अदबीने जागा करून दिली आणि गप्पा सुरू झाल्या. विषय संस्कृत काव्यावरून धर्माकडे वळला. उतरण्याआधी त्या गृहस्थांनी बायबलच्या नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली, ती प्रार्थनापूर्वक वाचायला सांगितले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. त्या माणसाचे नाव त्यांनी विचारले नाही आणि तो कोण होता हे त्यांना पुढेही कधी कळले नाही.

पुस्तक मात्र त्यांनी वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन आले आणि पुस्तक खाली ठेवणे त्यांना कठीण झाले. जातींच्या भिंतींनी तुकडे पडलेल्या देशाला जोडील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना आधीपासून छळत होता. शत्रूवरही प्रेम करायला सांगणाऱ्या त्या शिकवणुकीत त्यांना उत्तर दिसू लागले.

पण मनातले बाहेर बोलणे सोपे नव्हते. सुरुवातीला त्यांनी आपले नाव न सांगता ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार केला आणि शंका विचारल्या. पुढे उघडपणे जगलेल्या या माणसाची सुरुवात अशी निनावी होती. दोन वर्षे हा झगडा चालला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, भारतीय पाळकाच्या हातून घ्यायचा, असा त्यांचा आग्रह होता.

त्या काळी ख्रिस्ती होणे इतके अवघड का होते?

त्याआधी चारच वर्षे पुण्यात काय झाले ते पाहिले की याचे उत्तर मिळते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा एवढा महाग पडत होता, तर त्यांचा धर्मच स्वीकारणाऱ्याचे काय होत असेल याची कल्पना येते.

महाराष्ट्रात याआधी धर्मांतरे झाली नव्हती असे नाही. नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये, बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. प्रत्येक वेळी समाज हादरला होता. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याच्याशी रोटी-बेटीचे सगळे व्यवहार संपत. कुटुंबाच्या लेखी तो मेल्यात जमा होई.

ब्रिटिश कायद्याने अशा माणसाला काही संरक्षण दिले होते. १८५० च्या कायद्यामुळे धर्म बदलल्याने वारसाहक्क बुडत नसे. १८६६ च्या कायद्याने आणखी एक वाट ठेवली होती. पती ख्रिस्ती झाला आणि त्या कारणावरून पत्नीने त्याच्याबरोबर राहायला नकार दिला, तर ठरावीक प्रक्रियेनंतर न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेता येत असे आणि पुनर्विवाहही करता येत असे. टिळकांपुढे हा मार्ग होता. ते त्या मार्गाने गेले नाहीत.

घरात काय घडले?

बातमी घरी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी दत्तू हा चार वर्षांचा मुलगा. त्या वाढल्या ते घर कडक सोवळ्याचे. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक इतका, की मुलांचे बालपण त्यात करपले, असे त्यांनीच पुढे विनोदाच्या अंगाने लिहिले आहे. अशा बाईचा नवरा ख्रिस्ती झाला होता. तिच्या दृष्टीने ते वैधव्याहून वाईट होते. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही.

नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना आधार दिला. नाशिकला आणि नंतर पंढरपूरला त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. या काळात त्यांनी दुःखाला वाट करून देण्यासाठी पद्ये रचली. ज्यांना धड लिहिता-वाचताही येत नव्हते, नवऱ्याने धरून बसवून ज्यांना अक्षरओळख करून दिली होती, त्या बाईच्या लेखनाची सुरुवात अशी विरहातून झाली. टिळक पत्रे पाठवत राहिले. पत्नीने परत यावे ही त्यांची इच्छा त्यात स्पष्ट असे.

टिळकांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहायचे तर बाप्तिस्मा घ्यायलाच हवा, असे त्यांना वाटले. पण त्याची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, एका स्त्रीने मोजली आणि तो निर्णय तिचा नव्हता. घरच्यांच्या नजरा, मुलाच्या भवितव्याची चिंता, लोकांचे टोमणे हे सगळे तिच्या वाट्याला आले. श्रद्धा उघड करण्याच्या धैर्याची गोष्ट सांगताना हा हिशेब सुटता कामा नये. तो सुटलेला नाही याचे श्रेय खुद्द लक्ष्मीबाईंच्या लेखणीला जाते.

लक्ष्मीबाई परत कशा आल्या?

चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांनी आपले सोवळे-ओवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी ते मान्य केले आणि पत्नीच्या आचारधर्माला धक्का लागणार नाही अशी सोय करून दिली. जो माणूस बाहेर ख्रिस्ताचा उपदेश करत होता, त्याच्या स्वतःच्या घरात एक सनातनी स्वयंपाकघर चालू होते. सहकारी मंडळींना हे विचित्र वाटले असेल. टिळकांनी मात्र घाई केली नाही.

बदल झाला तो आतून. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंनी एके दिवशी स्वतःलाच विचारला. देवाने केला असता तर जन्मतःच माणसांत काही खूण दिसली असती, ती तर कुठे दिसत नाही, अशा साध्या तर्काने त्या निष्कर्षाला आल्या. मग त्यांनी कुणाच्याही हातचे खाणे-पिणे सुरू केले. आधी जात गेली, धर्माचा प्रश्न नंतर आला. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली या घटनाक्रमात आहे. वाद घालून त्यांनी पत्नीला जिंकले नव्हते. ती आपल्या पायांनी आणि आपल्या प्रश्नांतून चालत आली होती. मधल्या काळात त्यांना फक्त तिच्यासमोर उघडपणे, रोजच्या रोज, आपल्या श्रद्धेप्रमाणे जगत राहता आले. प्रार्थना, वाचन, दारी आलेल्याला जेवू घालणे, हे सगळे ती पाहत होती. रागीट माणूस आपल्या रागाशी झगडतो आहे, हेही तिला दिसत होते.

अहमदनगरमध्ये टिळकांचे काम काय होते?

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, स्थायिक झाले. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरमध्ये १८३१ मध्ये सुरू झाले होते. टिळक तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा त्यांच्यावर लोभ होता. पुढे पाळकाची दीक्षा मिळून त्यांच्या नावामागे रेव्हरंड लागले. ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासून चालत आलेल्या पत्राच्या मराठी भागाचे संपादनही अखेरच्या वर्षांत त्यांच्याकडे होते.

नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. चित्पावन घरातला पंडित या मंडळींत राहायला आला, तेव्हा त्याची श्रद्धा किती खरी हे पाहायला प्रवचनाची गरज नव्हती. तो कुणाच्या घरी जेवतो, कुणाला घरात घेतो, आजारी माणसाजवळ बसतो की नाही, यावरून लोक जोखत होते. ते दिवस दुष्काळाचे आणि प्लेगचे होते. टिळकांच्या घरात अनाथ मुले आली आणि घरचीच झाली. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. रोजच्या जगण्यातली ही साक्ष आसपासच्यांना दिसत होती आणि त्यासाठी वेगळी सभा भरवावी लागत नव्हती.

धर्मप्रसाराची तेव्हाची रूढ पद्धत कोणती होती? टिळकांनी काय बदलले?

एकोणिसाव्या शतकात मिशनरी बाजारात, जत्रेत, देवळाजवळ उभे राहून उपदेश करत. त्यात हिंदू धर्मावर टीका असे. त्याला उत्तर देणारेही उभे राहत. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वादविवाद गाजले होते. अशा वादांत बुद्धीची चमक दिसे, पण मने जवळ येत नसत.

दुसरी अडचण भाषेची होती. चर्चमधली गीते बहुतांशी इंग्रजीवरून आणलेली, चाली विलायती. शब्द मराठी, पण वळण परके. शेतावरून दमून आलेल्या माणसाच्या ओठांवर ती बसत नसत. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाचा धर्म घेणे, हा लोकांचा समज या गाण्यांनी घट्टच होत होता.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी, पद, आरती हे सगळे आणले. सुरुवातीची काही वर्षे तेही बुद्धिवादी मांडणीत रमले होते. पुढे तुकोबांची गाथा त्यांना पुन्हा भेटली आणि त्यांची वाट बदलली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगू लागले. संतांना नाकारून ख्रिस्ताकडे या, असे त्यांना म्हणायचे नव्हते. संतांनी जी तहान लावली तीच आपल्याला इथवर घेऊन आली, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे आणि आईसुद्धा. ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या समाजाला ही भाषा समजावून सांगावी लागली नाही.

त्यांनी कीर्तनही केले. नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग याआधी कृष्णराव सांगळे यांनी केले होते. टिळकांनी त्याला आपल्या काव्याची जोड दिली. टाळ-मृदंगाच्या साथीत पूर्वरंग, मग ख्रिस्तचरित्रातले आख्यान. गावकरी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, अंगणात बसून ऐकू शकत होता. त्याला चर्चची पायरी चढावी लागत नव्हती आणि आपल्या देवाची निंदाही ऐकावी लागत नव्हती.

मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या गीतसंग्रहात टिळकांच्या गीतांचा वाटा आजही फार मोठा आहे. निकोल मॅक्निकॉल यांच्यासारख्या अभ्यासकाने त्यांतली काही गीते इंग्रजीत नेली. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह आणि रामायणाच्या धर्तीवर ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र, असे हे लेखन आहे. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वाला नेले.

बालकवींची हकीकत इथे का महत्त्वाची?

१९०७ मध्ये जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. टिळकांचा त्यात पुढाकार होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे उभा राहिला आणि त्याच्या कवितेने सभा थक्क झाली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी अहमदनगरला आणले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले.

ठोंबरे टिळकांच्या घरात राहिले, त्यांच्या प्रार्थना आणि भजने ऐकली, आणि हिंदूच राहिले. त्यामुळे त्यांचे पान कुणी वेगळे मांडले नाही की माया कमी झाली नाही. टिळकांची श्रद्धा घरात क्षणभरही लपलेली नव्हती, तरी पाहुण्यावर तिचे ओझे नव्हते. पत्नीच्या बाबतीत जे धीराने शिकावे लागले होते, ते आता घराची रीत झाले होते. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला, तो टिळक दाम्पत्याला पोटच्या पोरासारखा लागला.

‘देवाचा दरबार’ काय होता?

वय वाढत गेले तसा टिळकांच्या मनात एक प्रश्न टोचू लागला. मिशनचा पगार घेऊन केलेला उपदेश लोकांना कसा दिसतो? पैसे मिळतात म्हणून बोलतो, असे कुणी म्हटले तर उत्तर काय? त्यांच्या देशप्रेमालाही हे रुचत नव्हते. भारतीय ख्रिस्ती समाजाने परक्या पैशांच्या आणि परक्या रीतींच्या आधाराने का जगावे, असे त्यांना वाटे.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले. संसार टाकला नाही, पगार टाकला. साताऱ्याला बिऱ्हाड हलवले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची बंधुसभा उभी करण्याचा प्रयत्न सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र येऊ शकत होते. ज्याला ख्रिस्ताविषयी ओढ आहे पण समाज सोडायचा नाही, त्यालाही तिथे जागा होती.

ज्याने स्वतः १८९५ मध्ये बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावले, तोच माणूस बावीस वर्षांनी बाप्तिस्म्याविना भक्त होण्याची वाट मोकळी ठेवत होता. वरवर यात विसंगती दिसते. पण मधल्या वर्षांत धर्मांतराने घर कसे फाटते हे त्यांनी पाहिले होते. आपण दिलेली किंमत दुसऱ्यावर अट म्हणून घालायची नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

त्यांच्यावर टीका कुणी केली?

दोन्ही बाजूंनी झाली. सनातनी हिंदूंच्या दृष्टीने ते धर्मभ्रष्ट होते. राष्ट्रीय बाण्याच्या अनेकांना ख्रिस्ती होणे म्हणजे राज्यकर्त्यांच्या गोटात जाणे वाटे. या आरोपाला टिळकांच्या देशभक्तीच्या कविता हे उत्तर होते. मराठी वाचकांनीही धर्मांतरानंतर त्यांची कविता वाचणे सोडले नाही.

ख्रिस्ती वर्तुळातही कुरबुर होती. कीर्तन, टाळ, संन्यास हे सगळे हिंदू वळणाचे नाही का, अशी शंका घेतली जाई. जे समाज गावगाड्यातल्या अपमानातून सुटण्यासाठी चर्चमध्ये आले, त्यांतल्या काहींना जुन्या रीती पुन्हा नकोशा वाटणेही स्वाभाविक होते. अभंगाची गोडी एकाला आपल्या घराची आठवण देते, तर दुसऱ्याला ज्या देवळाबाहेर उभे केले होते त्याची. हा ताण टिळकांनी सोडवला असे म्हणता येणार नाही. दरबाराचा प्रयोगही त्यांच्यामागे फार टिकला नाही. मात्र त्यांचे चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी पुढे ख्रिस्त सेवा संघ उभारला, त्यामागे टिळकांच्या कल्पनांची प्रेरणा होती.

अखेर कशी झाली? आणि आज ही गोष्ट का आठवायची?

साताऱ्यातले दिवस फार लाभले नाहीत. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफन न करता दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने चितेची इच्छा धरावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आयुष्यभर जे सांगितले तेच त्यांनी मरणातही सांगितले. श्रद्धा ख्रिस्ताची, माती इथली.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस प्रकरणात दिला. या दोन वाक्यांच्या मधली जागा नेमकी कुठे, यावर आजही न्यायालयांत आणि रस्त्यांवर वाद होतात. टिळक या दोन्हींच्या कितीतरी आधीचे. त्यांच्याकडे कायद्याची व्याख्या नव्हती. एक घर होते, त्यात दोन स्वयंपाक शिजत होते आणि एका बाईने आपला प्रश्न स्वतः सोडवेपर्यंत थांबायचे होते.

ते थांबले याची साक्ष त्यांच्या अनुयायांनी नव्हे, त्याच बाईने दिली. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांचा संताप आहे, विसरभोळेपणा आहे, न सांगता निघून जाणे आहे आणि बायकोला झालेला त्रासही आहे. कुठलीही सारवासारव न करता हे सगळे लिहूनही, पुस्तक मिटताना वाचकाला टिळकांविषयी जिव्हाळा वाटतो. टिळकांनी शेकडो गीते लिहिली, पण त्यांच्या श्रद्धेची सर्वांत जवळून झालेली परीक्षा आणि तिचा निकाल वाचायचा असेल, तर आजही लक्ष्मीबाईंचेच पुस्तक उघडावे लागते.